त्रिनिदादला नव्याने जाणाऱ्यांसाठी: तयारीपासून पहिल्या काही महिन्यांपर्यंत

त्रिनिदादचे नाव मराठी घरांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. मार्च १९७१ मध्ये तिथली राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. त्या सामन्यात दिलीप सरदेसाई यांनी ११२ धावा काढल्या आणि सुनील गावसकर यांनी कसोटी पदार्पण केले. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर गावसकरांनी एका डावात १२४ आणि दुसऱ्या डावात २२० धावा केल्या, आणि लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या लोकसंगीताच्या ढंगातले गीत रचले. आज आपली माणसे त्या बेटावर जातात ती मिथेनॉलच्या कारखान्यात, रुग्णालयात, बँकेत किंवा विद्यापीठात काम करण्यासाठी. तिथे उतरल्यावर महाराज, रामलोगन, परसाद अशी आडनावे कानांवर पडतात, रोटी आणि चना खायला मिळतो, घरांच्या अंगणात देवांचे झेंडे दिसतात, आणि नवा माणूस मनाशी म्हणतो की हा तर आपलाच मुलुख आहे. माझ्या मते नवख्याची पहिली चूक इथेच होते. त्रिनिदाद हा भारताचा तुटलेला तुकडा नाही. आफ्रिकी, भारतीय, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी आणि सीरियन-लेबनानी लोकांनी मिळून घडवलेला तो एक स्वतंत्र देश आहे. ही खूणगाठ बांधून पुढील पायऱ्या क्रमाने चढल्यास बहुतेक अडचणी टळतात.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी दोन महिने

सर्वांत आधी पीतज्वराची, म्हणजे ‘यलो फीव्हर’ची लस घ्यावी. गोम अशी आहे की हा दाखला जाताना लागो वा न लागो, भारतात परतताना लागतो. त्रिनिदाद बेट भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त प्रदेशांच्या यादीत आहे आणि तिथून सहा दिवसांच्या आत येणाऱ्या प्रवाशाजवळ दाखला नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि पुढे तो आयुष्यभर चालतो. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात व आधी नाव नोंदवावे लागते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा युरोपातील एखाद्या विमानतळावर विमान बदलावे लागते, आणि यांपैकी काही देशांना केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. तिकीट काढण्यापूर्वी मधल्या देशाचा नियम तपासावा, कारण स्वस्त तिकीट घेऊन विमानतळावरच अडकल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्रिनिदादच्या प्रवेशाचे नियम नवी दिल्लीतील त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी मागवावेत. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी कामाचा परवाना नियोक्त्याने मिळवला आहे याची खात्री होईपर्यंत इथली नोकरी सोडू नये.

सामान भरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लष्करी गणवेशासारख्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कोणतेही कपडे, मग ती लहान मुलाची टोपी का असेना, त्या देशात सामान्य नागरिकाला वापरता येत नाहीत. दुसरी गोष्ट विजेची. तिथला पुरवठा ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचा असून प्लग अमेरिकी पद्धतीचे, चपट्या पात्यांचे असतात. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, परंतु २३० व्होल्टचा आपला मिक्सर तिथे धडपणे फिरत नाही. तो घरीच ठेवावा. प्रेशर कुकर आणि पोळपाट-लाटणे मात्र खुशाल न्यावे.

दुसरी पायरी: नकाशा समजून घेणे

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा देश आहे. त्रिनिदादचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा काहीसे अधिक, तर टोबॅगो जेमतेम ३०० चौरस किलोमीटरचे. दोन्ही मिळून लोकसंख्या साधारण १४ लाख आहे. व्हेनेझुएलाचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी सुमारे ११ किलोमीटरवर आहे. प्राचीन काळी हे बेट दक्षिण अमेरिकेच्या भूमीला जोडलेले होते, म्हणून इथली झाडे, पक्षी आणि प्राणी इतर कॅरिबियन बेटांपेक्षा वेगळे व कितीतरी अधिक प्रकारचे आहेत.

बेटाच्या उत्तर कडेने डोंगररांग जाते. तिचे सर्वांत उंच शिखर एल सेरो देल आरिपो सुमारे ९४० मीटर उंच आहे. या रांगेच्या दक्षिण पायथ्याशी पोर्ट ऑफ स्पेनपासून सेंट ऑगस्टीन, तुनापुना करत आरिमापर्यंत सलग वस्ती पसरली आहे. या पट्ट्याला पूर्व-पश्चिम कॉरिडॉर म्हणतात, आणि नवख्याचे घर, विद्यापीठ किंवा कचेरी यांपैकी काहीतरी बहुधा इथेच असते. मध्यभागी चाग्वानास हे गजबजलेले बाजाराचे शहर आणि त्याभोवतीची जुनी उसाची मैदाने, तर दक्षिणेस सान फर्नांडो आणि तेलाचा टापू. फैजाबाद, बॅरकपोर, गोवळकोंडा ही नावे दक्षिणेकडच्या पाट्यांवर वाचून थबकायला होते. उसाच्या मळ्यांवर आलेली माणसे आपल्याबरोबर काय घेऊन आली, ते या पाट्या अजून सांगतात.

ऋतू दोनच. जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाळी. आपल्यासारखी आठवडाभराची झड क्वचितच लागते. दुपारी आभाळ भरून येते, तासभर मुसळधार पाऊस पडतो आणि सखल भागांतले रस्ते पाण्याखाली जातात. बेट चक्रीवादळांच्या मुख्य पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने मोठी वादळे सहसा टळतात, परंतु १९६३ मध्ये फ्लोरा वादळाने टोबॅगोची दैना केली होती, हे विसरू नये.

तिसरी पायरी: माणसे कुठून आली ते जाणणे

ही पायरी गाळू नये, कारण रोजच्या बोलण्यात कुठे जपावे हे इतिहासावाचून कळत नाही. कोलंबस १४९८ मध्ये इथे आला तेव्हा बेटावर मूळ रहिवाशांची वस्ती होती. स्पेनची सत्ता जवळजवळ तीनशे वर्षे राहिली, पण तिने बेट फारसे वसवले नाही. १७८३ च्या फर्मानाने कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या आणि फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह आले. म्हणूनच १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतले तरी गावांची नावे फ्रेंच आणि स्पॅनिशच राहिली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये माणसे खऱ्या अर्थाने मोकळी झाली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे भारतीयांना घेऊन पोहोचले. १९१७ पर्यंत चाललेल्या या गिरमिटात, म्हणजे करारबद्ध मजुरीत, सव्वा लाखांहून अधिक माणसे आली. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होती, काही मद्रासकडची. त्यांची भोजपुरी आता म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि गाण्यांत उरली आहे. आजा, आजी, नाना, नानी, मौसी हे शब्द मात्र घरोघर जिवंत आहेत.

२०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळजवळ २३ टक्के होते. राजकारणाची विभागणी बरीचशी या रेषेवर आहे, तरी शाळा, कचेऱ्या, क्रिकेट आणि खाणे सर्वांचे एक आहे. म्हणून कोणालाही जात विचारू नये, ‘मूळ गाव कोणते’ असे खोदून विचारू नये, आणि भारतीय वंशाच्या माणसाला ‘तुला हिंदी कशी येत नाही’ असे तर मुळीच म्हणू नये. पाच-सहा पिढ्यांपूर्वी ज्यांचा गावाशी संबंध तुटला त्यांना हा प्रश्न बोचतो. आफ्रिकी शेजाऱ्यांविषयी आपल्या मनात जे पूर्वग्रह असतात ते विमानात बसण्यापूर्वीच टाकून द्यावेत, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

बोलभाषा इंग्रजी, पण तिचा तिथला बाज वेगळा आहे. टॅक्सीत बसताना, दुकानात शिरताना, दवाखान्याच्या बाकावर टेकताना सर्वांना उद्देशून ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचेच. न बोलता आत येणारा माणूस उद्धट ठरतो. रात्री भेटल्यावर ‘गुड नाइट’ म्हणतात. तो निरोप नसून नमस्कार असतो, हे कळेपर्यंत नवखा माणूस गोंधळतो. चार मित्रांनी काही कारण नसताना जमून गप्पा मारणे म्हणजे ‘लाइम’. त्याचे आमंत्रण आले तर नाकारू नये, कारण ओळखी तिथेच होतात.

चौथी पायरी: घर, पाणी, पैसा

घर पाहताना आधी पाण्याची टाकी पाहावी. नळाला पाणी अनेक भागांत ठरलेल्या वारी येते, त्यामुळे अंगणात किंवा गच्चीवर मोठी टाकी आणि तिला पंप असणे आवश्यक आहे. पुराचे पाणी त्या गल्लीत शिरते का, हे घरमालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारावे. डासांपासून डेंग्यूचा धोका असल्याने खिडक्यांना जाळी हवी.

चलन त्रिनिदाद आणि टोबॅगो डॉलर. एका अमेरिकी डॉलरला सुमारे पावणेसात स्थानिक डॉलर असा बँकेचा दर आहे, पण बँकांत परकी चलनाचा तुटवडा असतो आणि घरी पैसे पाठवण्यासाठी अमेरिकी डॉलर हवे तेवढे मिळतीलच असे नाही. नोकरीचा करार करतानाच पगाराचा काही भाग अमेरिकी डॉलरमध्ये मिळेल का, हे विचारून घ्यावे. भारतापेक्षा तिथली वेळ साडेनऊ तासांनी मागे असते. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा घरी संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, तेव्हा आईवडिलांना फोन करण्याची वेळ सकाळचीच ठरवावी.

पाचवी पायरी: फिरणे आणि सुरक्षितता

प्रवासाचे मुख्य साधन म्हणजे मॅक्सी टॅक्सी, अर्थात पांढरी मिनीबस. तिच्या अंगावरील पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. पिवळा पट्टा पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेकडे, लाल पट्टा पूर्व-पश्चिम कॉरिडॉरवर, हिरवा पट्टा चाग्वानास व सान फर्नांडोकडे, आणि निळा टोबॅगोत. राजधानीतील मुख्य थांबा सिटी गेट येथे आहे. याखेरीज ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या सामायिक मोटारी असतात. त्यांच्या पाटीवरील क्रमांक ‘एच’ या अक्षराने सुरू होतो. ‘पी’ अक्षराची खासगी गाडी भाडे घेत असेल तर ती बेकायदा आहे. स्थानिक लोक तिच्यात बसताना दिसले तरी नवख्याने बसू नये. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, ही एक सोय.

गुन्हेगारीविषयी गोड बोलून उपयोग नाही. २०२४ मध्ये सहाशेहून अधिक खून झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. यातील बहुतेक हिंसा टोळ्यांमधील असते, पण लुबाडणूक कोणाचीही होते. अंधार पडल्यावर एकट्याने पायी फिरू नये, राजधानीच्या पूर्व भागात ओळखीच्या माणसाशिवाय जाऊ नये, आणि आपले मंगळसूत्र किंवा सोनसाखळी रस्त्यावर दिसेल अशी घालू नये. पोलिसांसाठी ९९९, अग्निशमनासाठी ९९० आणि रुग्णवाहिकेसाठी ८११ हे क्रमांक पाठ करावेत. सार्वजनिक रुग्णालयांत उपचार मोफत मिळतात, परंतु तिथे बराच वेळ थांबावे लागत असल्याने आरोग्यविम्याचे पत्र जवळ असावे.

सहावी पायरी: खाण्याशी ओळख

इथे मात्र सावकाश जावे, कारण त्रिनिदादची ओळख सर्वांत लवकर जिभेवर होते. सकाळी रस्त्याच्या कडेला छत्रीखाली एक छोटा ठेला आणि भोवती कामावर निघालेल्या माणसांचे कोंडाळे दिसले की तो डबल्सचा ठेला समजावा. विक्रेता हातभर कागदावर दोन मऊ, पिवळसर ‘बारा’ पसरतो. हा बारा म्हणजे हळद घातलेल्या आंबवलेल्या मैद्याची, तळलेली पण न फुगवलेली पुरी. त्यावर रसाळ चना, मग काकडीची आणि चिंचेची चटणी, शेवटी तिखट. क्षणात कागदाची टोके पिळून पुडी हातात येते. ती उभ्यानेच, बोटांनी खायची असते. तिखटाविषयी विचारले की ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडे, असे सांगावे. कोल्हापूरकरांनीही सुरुवातीला तेवढ्यावरच थांबावे, कारण याच बेटावरील मोरुगा गावची स्कॉर्पियन मिरची २०१२ मध्ये जगातील सर्वांत तिखट म्हणून मोजली गेली होती.

दालपुरी दिसायला पुरणपोळीसारखी, पण आत वाटलेल्या डाळीचे जिऱ्याचे तिखटमीठ सारण असते. ‘बस-अप-शट’ म्हणजे तव्यावरच कालथ्यांनी फोडून चिंध्यांसारखा केलेला पराठा. फाटलेल्या शर्टासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. ‘बैगन चोका’ हे आपले वांग्याचे भरीत. लसूण खोचून वांगे भाजतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. फोडणीला ‘चुंकाय’ म्हणतात, जिऱ्याला ‘गीरा’, पालेभाजीला ‘भाजी’. अळूच्या पानांची आणि डाळीच्या पिठाची तळलेली ‘सहीना’ खाताना अळूवडीची आठवण आल्यावाचून राहत नाही. ‘कलालू’ हेही अळूच्या पानांचेच, भेंडी आणि नारळाचे दूध घालून शिजवलेले आणि मुळात आफ्रिकी घरांतले. शाकाहारी माणसाने त्यात खेकडा किंवा खारवलेले मांस आहे का, हे आधी विचारावे. कोथिंबिरीऐवजी तिथे ‘शॅडो बेनी’ नावाची लांब पानांची, उग्र वासाची वनस्पती वापरतात. ती आमटीत अर्धे पानच घालून पाहावी.

सातवी पायरी: पैसा कुठून येतो हे समजणे

इतर कॅरिबियन बेटे पर्यटनावर जगतात, त्रिनिदाद तेल आणि वायूवर. तेलाचे व्यापारी उत्पादन १९०८ मध्ये सुरू झाले. १९ जून १९३७ रोजी फैजाबादच्या तेलक्षेत्रात उरिया बटलर यांच्या नेतृत्वाखाली कामगारांचा उठाव झाला, आणि तो दिवस आज कामगार दिन म्हणून पाळला जातो. पुढे नैसर्गिक वायूचे महत्त्व वाढले. पॉइंट लिसास येथील औद्योगिक वसाहतीत वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनते व जगभर जाते, आणि पॉइंट फोर्टिन येथून १९९९ पासून द्रवरूप वायूची निर्यात होते. तेजीच्या काळातील काही पैसा २००७ पासून एका राखीव निधीत ठेवला जातो. गेल्या काही वर्षांत मात्र वायूचे उत्पादन घटले आहे आणि २०१८ मध्ये पॉइंट-आ-पिएर येथील तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडला. डॉलरच्या टंचाईचे मूळ बरेचसे यात आहे. ज्यांची नोकरी या क्षेत्रात आहे त्यांनी दीर्घ मुदतीचे कर्ज किंवा घरखरेदी यांची घाई करू नये.

साखर संपली. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि हजारो लोकांचे, मुख्यतः भारतीय वंशाच्या कुटुंबांचे, पिढीजात काम गेले. कोको मात्र नावारूपाने टिकून आहे. अठराव्या शतकात इथली जुनी झाडे नष्ट झाल्यावर मुख्य भूमीवरून दुसऱ्या जातीची रोपे आणली गेली आणि दोहोंच्या संकरातून ‘त्रिनितारिओ’ ही जात निपजली. उत्तम चॉकलेटसाठी ती आज अनेक देशांत लावतात.

आठवी पायरी: वर्षाचे वेळापत्रक

ॲश वेन्सडे म्हणजे ख्रिश्चनांच्या ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस. त्याच्या आधीचे सोमवार-मंगळवार कार्निव्हल या उत्सवाचे. कायद्याने त्या दिवशी सुटी नसते, पण देशच थांबलेला असतो. बँकेची आणि कागदपत्रांची कामे आधीच्या आठवड्यात उरकावीत. सोमवारी पहाटे अंधारातच ‘जूवे’ने सुरुवात होते आणि लोक चिखल-रंग फासून रस्त्यावर उतरतात. स्टीलपॅन हे वाद्य नीट ऐकावे. इंग्रजी सत्तेने १८८४ मध्ये ढोल वाजवण्यावर बंदी आणली, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे पत्र्याचे डबे आले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांतून सूर काढले. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य जाहीर झाले.

३० मे हा भारतीय आगमन दिन, १ ऑगस्ट गुलामगिरीमुक्ती दिन, ३१ ऑगस्ट स्वातंत्र्य दिन. दिवाळी आणि ईद यांना सर्वांना सुटी असते. दिवाळीत चाग्वानासजवळील दिवाळी नगरात मोठा मेळा भरतो आणि गावोगाव बांबू वाकवून त्यावर मातीचे दिवे लावतात. ते लावायला आफ्रिकी शेजारीही हात देतात. मंदिरांत रविवारी सकाळी पूजा असते, लोक बाकांवर बसतात, भजने हिंदीत आणि प्रवचन इंग्रजीत होते. पद्धत वेगळी आहे म्हणून ती सुधारायला जाऊ नये.

पहिले मोकळे रविवार

पहिला रविवार कारापिचाइमा भागासाठी ठेवावा. तिथे दत्तात्रेयाचे मंदिर आणि ८५ फूट उंचीची हनुमानमूर्ती आहे. औदुंबर किंवा गाणगापूरला जाणाऱ्या घरातल्या माणसाला दत्ताचे नाव इतक्या दूर वाचून काय वाटते, ते तिथे उभे राहिल्यावरच कळते. जवळच वॉटरलू येथे समुद्रातले मंदिर आहे. शिवदास साधू या ऊसमजुराने मळा कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधले, ते पाडले गेले आणि त्यांना तुरुंगवास घडला. तेव्हा जी जागा कोणाच्याच मालकीची नाही त्या समुद्रात त्यांनी सायकलवरून दगडमाती वाहून वर्षानुवर्षे भर घातली. आजचे मंदिर १९९५ मध्ये नव्याने उभारलेले आहे.

दुसऱ्या रविवारी ला ब्रेयाचा डांबराचा तलाव पाहावा. सुमारे ४० हेक्टरांवर पसरलेल्या या तलावाची पाठ हत्तीच्या कातडीसारखी सुरकुतलेली आहे. एका जागी उभे राहिल्यास टाच हळूहळू खाली जाते, म्हणून अधिकृत वाटाड्या घेऊनच चालावे. कारोनीच्या दलदलीत सूर्यास्ताच्या वेळी लालभडक आयबिस पक्षी परततात. होडी दुपारी निघते, तेव्हा जागा आधी ठेवावी. मार्च ते ऑगस्टदरम्यान ग्रांद रिव्हिएर आणि मातुरा किनाऱ्यांवर प्रचंड आकाराची लेदरबॅक कासवे रात्री अंडी घालायला येतात. वेळासची कासवे पाहिलेल्यांनी ती पाहायला जावेच. टॉर्च व फ्लॅश वापरू नये आणि वाटाड्या सांगेल तेवढ्याच अंतरावर थांबावे. टोबॅगोसाठी दोन-तीन दिवसांची सुटी हवी. विमानाने अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागतो, बोटीने काही तास. तिथली डोंगरमाथ्यावरील राने १७७६ पासून कायद्याने राखलेली आहेत.

परत येताना लोक कुचला, म्हणजे कैरीच्या किसाचे तिखट लोणचे, मिरचीचा सॉस आणि कोकोचे गोळे आणतात. बाटल्या चेक-इनच्या सामानात प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवाव्यात. पीतज्वराचा दाखला मात्र त्या बॅगेत जाऊ देऊ नये. मुंबईला उतरल्यावर सामान मिळण्याआधीच तो मागतात, म्हणून तो पासपोर्टच्या पाकिटात हाताशी असावा.